कृषिमंत्र्यांना खुले पत्र: स्ट्रेप्टोची पुडी आणि अळीचे पोट

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी निवृत्त कृषी सहायक. 'कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम, स्ट्रेप्टो १ ग्रॅम, पाणी १० लिटर' असे नोकरीत किती चिठ्ठ्यांवर लिहून दिले, त्याचा हिशेब नाही. कपाशीचा जिवाणू करपा असो, लिंबाचा खैऱ्या, कोबीचा घाण्या की डाळिंबाचा तेल्या, दुकानातून तीच सहा ग्रॅमची पुडी यायची. तिच्यात असतात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. दोन्ही प्रतिजैविके, म्हणजे जिवाणू मारणारी माणसांची औषधे, त्यातले पहिले तर क्षयरोगावरचे. पानावरचे डाग थांबले की आमचे काम झाले. तेच पान अळीही खाते आणि औषध तिच्या पोटात जाते, हे माझ्या डोक्यात कधी आलेच नाही.

आता वाचायला वेळ आहे, म्हणून आले.

अळीच्या आतड्यातही जिवाणूंची वस्ती असते. बीटी या जिवाणूपासून बनवलेल्या जैविक कीटकनाशकाची पावडर आपण कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी मारतो. त्या पावडरीतले प्रथिन अळीच्या पोटात विरघळते, आतड्याच्या भिंतीला भोके पाडते आणि अळी खाणे सोडते. इथपर्यंत आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. पुढचे शिकवले नव्हते. २००६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जंगलाची पाने फस्त करणाऱ्या लिमँट्रिया डिस्पार या पतंगाच्या अळ्यांना आधी प्रतिजैविके खाऊ घातली. आतड्यातले जिवाणू गेले आणि बीटीने अळ्या मरेनाशा झाल्या. मग त्यांच्या पोटात एंटरोबॅक्टर नावाचा आतड्यातलाच एक जिवाणू परत सोडला, तेव्हा बीटी पुन्हा लागू पडले. म्हणजे भोक पाडणारा एक आणि त्या भोकातून रक्तात शिरून अळीला संपवणारे दुसरेच, असा त्या शास्त्रज्ञांचा अर्थ.

यावर वाद आहे, तोही सांगतो, नाहीतर आपले अधिकारी पहिल्याच बैठकीत मला गप्प करतील. त्याच गटाने पुढे इतर अळ्यांवर पाहिले तर फरक जातीगणिक निघाला. आणि नेमक्या आपल्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगावर २००९ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवले की आतड्यात जिवाणू नसले तरी बीटी अळी मारते. त्यामुळे 'स्ट्रेप्टो मारले की बीटी वाया' असे मी छातीठोकपणे म्हणत नाही. मी एवढेच विचारतो: आपल्या घाटेअळीवर, गुलाबी बोंडअळीवर, डाळिंबाच्या सुरसा अळीवर हे पाहून मग शिफारस लिहायची, की आधी लिहून टाकायची? शेतकरी तर एकाच टाकीत दोन्ही कालवतो. एकाच आठवड्यात स्यूडोमोनास हा रोगाविरुद्धचा उपयोगी जिवाणू आणि स्ट्रेप्टो मारणारे मी पाहिले आहेत. पैसे देऊन विकत आणलेला जिवाणू पैसे देऊनच मारायचा!

जपानमधली गोष्ट मला याहून जास्त खटकली. तिथे सोयाबीनवरचा एक ढेकूण दर पिढीला मातीतून बर्कहोल्डेरिया हा जिवाणू उचलतो आणि पोटात सांभाळतो. ज्या जमिनीत फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक पुन्हा पुन्हा पडते तिथे ते विष खाऊन पचवणारे बर्कहोल्डेरिया वाढतात. ते पोटात गेले की ढेकणालाही ते विष बाधत नाही. २०१२ साली हे छापून आले. आपण आजवर मानत आलो की किडीची प्रतिकारशक्ती आईबापाकडून येते, पिढ्यांमागून पिढ्या. ही तर मातीतून, एका पिढीतच आली. शेतात जिवाणूंचा तोल कशाने ढळतो, हा प्रश्न मग रोगशास्त्र विभागापुरता राहत नाही. तो कीटकशास्त्र विभागाचाही होतो, आणि माझ्या अनुभवात हे दोन विभाग एका टेबलावर क्वचितच बसतात.

मधमाशीचे तर आणखी वेगळे. २०१७ मध्ये टेक्सासमध्ये मधमाश्यांना टेट्रासायक्लिन पाजून पोळ्यात परत सोडले. तीन दिवसांनी त्यातल्या साधारण एक तृतीयांश सापडल्या, औषध न दिलेल्यांतल्या दोन तृतीयांश. औषध तिथे पाकातून दिले होते, फवाऱ्यातून नव्हे, हा फरक मान्य. पण आपल्याकडे डाळिंबाच्या बागेत शेतकरी भाड्याने पेट्या आणून ठेवतो आणि त्याच बहरात तेल्याची फवारणी काढतो. अमेरिकेत लिंबूवर्गीय फळबागांवर स्ट्रेप्टोमायसिन मारायला दिलेली परवानगी तिथल्या अपील न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केली, त्यात परागीभवन करणाऱ्या कीटकांचा मुद्दाही होता.

एक धोका आताच सांगून ठेवतो. मावा किडीच्या अंगात बुखनेरा हा जिवाणू असतो. प्रतिजैविकाने तो मारला की माव्याची वाढ आणि प्रजनन खुंटते. कॉफीच्या फळातला भुंगा कॅफिन पचवतो तोही पोटातल्या जिवाणूच्या जोरावर. हे वाचून उद्या कुणीतरी चकचकीत डबीत प्रतिजैविक भरून 'माव्याचा कर्दनकाळ' म्हणून विकायला आणेल. प्रयोगशाळेत ते चालेलही. क्षयाच्या रुग्णाचे औषध माव्यावर उडवायला मात्र आपण परवानगी देऊ नये.

केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतले स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन बंद करण्याचा मसुदा काढला होता, वापर थांबवायची तारीख १ जानेवारी २०२४. नोंदणी केंद्राच्या हातात आहे, हे मला कळते. पण या पुडीला लेबल क्लेम, म्हणजे वापराची अधिकृत मान्यता, होती ती मोजक्या आठ पिकांवर. कपाशी, कोबी, डाळिंब त्यात नव्हतेच. ती पिके आम्ही घुसवली, चिठ्ठ्या लिहून. तेव्हा आमच्या पातळीवरचे आम्हीच काढायला हवे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत शिफारशी मंजूर होतात. तिथे आपण विचारावे की कोणत्या शिफारशीत अजून प्रतिजैविक आहे, आणि ते मारल्यावर अळी, मित्रकीटक, मधमाशी यांचे काय होते हे कुणी पाहिले आहे का. ज्यांचे उत्तर नाही, त्या शिफारशी उत्तर येईपर्यंत छापू नयेत. तेल्याने हैराण झालेला बागायतदार मला शिव्या देईल. त्याच्यासाठी बागेची स्वच्छता, रोगमुक्त रोपे, बहराची निवड यांवर विस्तार यंत्रणेला राबवावे लागेल आणि ते पुडी लिहून देण्याइतके सोपे नाही. मलाही ते सोपे वाटले नव्हते, म्हणून तर पुडी लिहीत होतो.

चाचणीसाठी अळ्या हव्या असतील तर आमच्या शिवारात यंदा कोबी लावला आहे. त्यावर स्ट्रेप्टो मारलेले नाही. कोणी संशोधक आले तर वेचून देईन.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक