रुग्णालयाचा तक्ता, परिसराचा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रादेशिक रुग्णालयात कोणत्या कॅन्सरचे किती रुग्ण आले, याचा तक्ता आपण छापलात. तो वाचून शेजारच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या. "आपल्याकडे हे वाढलंय का हो?" अशाच एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून हे पत्र.

रुग्णालयाच्या नोंदीवरून कोण दारात आले ते कळते, परिसरात काय आहे ते नाही. आमच्याकडे रेडिएशनचे यंत्र होते, त्यामुळे तोंडाच्या, घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण लांबून येत. रक्ताच्या कॅन्सरची मुले मात्र परस्पर मोठ्या केंद्राकडे जात. आमच्या तक्त्यात ती दिसतच नसत. परिसरातले प्रमाण काढायचे, तर ठरावीक लोकसंख्येतले सगळे रुग्ण, मग ते कुठेही उपचार घेत असोत, मोजावे लागतात. ती लोकसंख्याधारित नोंदणी वेगळी.

आकडा वाढला म्हणजे रोग वाढला, असेही नसते. दक्षिण कोरियात १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचे निदान सुमारे १५ पटींनी वाढले. मृत्यूचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि एरवी कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठीही सापडू लागल्या, हे त्याचे मुख्य कारण.

नोंद करतानाही गफलत होते. एका गृहस्थांच्या मानेतल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट अजून आठवतो. कॅन्सर दुसरीकडून पसरलेला, मूळ जागा सापडलेली नाही. नियमाप्रमाणे 'मूळ जागा अज्ञात' असे लिहायला हवे होते. नवख्या कारकुनाने 'मान' लिहिले होते. एकच रुग्ण आडनावाचे स्पेलिंग बदलून दोनदा मोजला गेल्याचेही मी पाहिले आहे.

मग हे तक्ते निरुपयोगी का? मुळीच नाही. रुग्ण दारात आला तेव्हा कॅन्सर कोणत्या टप्प्यावर पोहोचला होता, हे त्या फायलीत असते आणि माझ्या मते तीच खरी बातमी आहे. एचपीव्ही विषाणूची लागण टिकून राहिली, तरी गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. जागतिक आरोग्य संघटना ३५व्या आणि ४५व्या वर्षापर्यंत एकेकदा खात्रीशीर तपासणी करा म्हणते, ती यासाठीच. बाई तिसऱ्या टप्प्यात येते, तेव्हा बहुधा एवढ्या वर्षांत तिची एकदाही तपासणी झालेली नसते. आमच्या फायलींमध्ये 'पूर्वीची तपासणी' या ओळीपुढे बहुतेक वेळा नुसती रेघ असे. ती रेघ मारताना माझा हात जड व्हायचा.

आपल्या तक्त्यात टप्प्याचा रकानाच नव्हता. रुग्णालयाकडून तो मागवून घ्यावा, रुग्ण कोणत्या भागातून आले तेही सोबत छापावे, आणि तक्त्याखाली 'हे फक्त या रुग्णालयात आलेले रुग्ण आहेत' एवढी ओळ द्यावी, ही विनंती. काकूंना मी समजावले आहे, पण तक्ता वाचणाऱ्या प्रत्येकाच्या शेजारी रेकॉर्ड विभागातले कोणी राहत नाही.

आपली,
एक निवृत्त कर्मचारी