पद्मिनीचे हेडलाइट: बल्ब नको बदलू, आधी वायरिंग बघ

प्रिय मन्या,

काल फोनवर तू म्हणालास की तुझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे हेडलाइट मंद पडतात, म्हणून एलईडी बल्ब टाकतो नाहीतर सरळ 100/90 वॅटचे (हाय बीम 100, लो बीम 90) टाकून मोकळा होतो, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चालू आहे. फोनवर एवढं सगळं सांगणं जमलं नसतं म्हणून बसून लिहितोय. तोवर प्लीज एकही बल्ब विकत घेऊ नकोस.

कारण तुझे बल्ब ठीक आहेत रे, त्यांच्यापर्यंत पुरेसं व्होल्टेजच पोचत नाहीये. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून निघून डॅशबोर्डमागे जातो, तिथून स्विच, स्टिअरिंगजवळची दांडी, फ्यूजबॉक्स, चारपाच कनेक्टर असं करत परत गाडीच्या नाकापर्यंत येतो, आणि ते सगळं आता तीसचाळीस वर्षांचं झालंय. लो बीमवर 55 वॅटचे दोन बल्ब मिळून 9 अँपिअरच्या आसपास ओढतात. आता 1 स्क्वेअर एमएमची 4 मीटर वायर अगदी नवीकोरी असली तरी तिच्यातच साधारण 0.6 व्होल्ट जातात, वर प्रत्येक गंजका जॉइंट आपापला वाटा काढून घेतो. आणि हॅलोजनचं असं असतं की व्होल्टेज 10 टक्के पडलं की उजेड 10 टक्के नाही, जवळजवळ 30 टक्के पडतो. तू म्हणालास ना की उजेड पिवळाजर्द दिसतो, ते त्याचमुळे.

अशा गाडीत 100 वॅटचा बल्ब टाकणं म्हणजे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. करंट वाढला की वायरीतला लॉस पण वाढतो, म्हणजे उजेड थोडाच वाढणार आणि स्विच मात्र वितळणार. पद्मिनीचा ओरिजिनल दांडीचा स्विच आज चांगल्या कंडिशनमध्ये मिळवून दाखव मला! एलईडीचं दुखणं वेगळं आहे. आपल्या लाइटची काच आणि रिफ्लेक्टर हॅलोजनच्या बारक्या फिलामेंटसाठी बनवलेत, तिथे भलत्या आकाराचा उजेड ठेवला की तो भलतीकडेच फाकतो, आपल्याला वाटतं काय झक्कास पडलाय, आणि समोरून बाइकवर येणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. ताम्हिणीच्या वळणावर पावसात असं कुणाच्या डोळ्यात मारायचं नाही, हे मी तुला हात जोडून सांगतोय.

म्हणून आधी मोज. साधा मल्टिमीटर पुरेल, डीसी 20 व्होल्टवर लाव. इंजिन चालू, लो बीम चालू, आणि बल्ब जागेवरच राहू दे, बल्ब काढून मोजलंस तर करंटच वाहत नाही, मग पूर्ण व्होल्टेज दिसतं आणि आपण फसतो. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळं टोक बल्बमागच्या कनेक्टरच्या लो बीमच्या पिनेला, जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज वाटेत गेलं. अर्धा व्होल्ट असेल तर ठीक, 1 च्या वर गेलं की काम काढायचंच. माझ्या गाडीत 2 च्या वर होतं, कनेक्टर ओढून बघितला तर त्याचं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं आणि आतली पितळी पट्टी इतकी सैल की बल्बवर नुसती टेकलेली. मग तसंच अर्थचं, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जातो त्या वाटेचं माप घे, बल्बची अर्थ पिन ते बॅटरीची निगेटिव्ह. अर्थकडे कुणी बघत नाही आणि निम्मा रोग तिथेच असतो. लाइटजवळ जो स्क्रू बॉडीला जातो तो काढ, खाली बहुतेक गंज आणि त्यावर कुठल्यातरी पेंटरने मारलेला रंग सापडेल, पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घास आणि नवीन लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) लाव. कधीकधी एवढ्यानेच फरक पडतो.

पण खरा उपाय रिले, म्हणजे थोड्याशा करंटवर चालणारा आणि मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. दोन घ्यायचे, एक लो बीमचा एक हाय बीमचा, चार पिनवाले 30 अँपिअरचे, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतात, नाना पेठेत तर ढिगाने. 30 नंबरच्या पिनेला बॅटरीतून थेट वायर, मध्ये फ्यूज. 87 नंबरच्या पिनेतून वायर हेडलाइटला. 85 अर्थ. आणि 86 ला आपली जुनी हेडलाइटची वायर. झालं, आता जुन्या स्विचमधून फक्त रिले चालू करण्यापुरता करंट जाणार, पाव अँपिअरसुद्धा नाही, त्यामुळे स्विचचं आयुष्य वाढतं हा वेगळा फायदा. फ्यूज 15 अँपिअरचे, लो आणि हायला वेगवेगळे ठेव म्हणजे एक उडाला तरी घाटात पूर्ण अंधार होणार नाही. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ लावता येईल तितका जवळ लाव. वायर अडीच स्क्वेअर एमएमची, बॅटरीकडची 4 ची घेतलीस तर उत्तमच, आणि पत्र्यातून जाते तिथे भोकाची धार लागू नये म्हणून रबरी ग्रोमेट (कडं) हवाच. रिले पिना खाली करून बसव, पाणी साचत नाही. बल्बचे होल्डर सिरॅमिकचे घे. आणि काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ, कनेक्टरचे मोबाइलवर फोटो काढून ठेव.

एक गोष्ट मात्र ऐकच. ओरिजिनल वायरिंग कापायचं नाही. जुना कनेक्टर नवीन हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) घुसेल असं सॉकेट लाव, म्हणजे उद्या सगळं काढून गाडी होती तशी करता येईल. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस बंद झाली, कुर्ल्याचा कारखाना तर कधीच गेला, आता ज्या उरल्यात त्या तुझ्यामाझ्यासारख्यांकडेच. त्यात ही अण्णांनी इतकी जपलेली गाडी, तिच्यात इलेक्ट्रिशियनने टेप गुंडाळून जुगाड केलेला मला बघवणार नाही.

अजून एक, तुझ्या गाडीत बॅटरी चार्ज करायला डायनॅमो आहे की अल्टरनेटर ते बघून सांग. डायनॅमो असेल तर सिग्नलला उभं राहिल्यावर लाइट मंद होणारच, रेस दिली की वाढतील, त्याला रिलेचा इलाज नाही. आणि रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल तर तो बदलावाच लागेल, पण घेताना डावीकडून चालणाऱ्या गाड्यांचाच घे, बाहेरून मागवलेल्यात उलटी काच येते आणि उजेड उजवीकडे चढतो.

गणपतीच्या आत व्हायला हवं हे सगळं. तू आकडे मोजून व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, त्यावरून सामानाची यादी करून पाठवतो. रविवारी क्रिम्पिंगचा पाना घेऊन येतो मी, सकाळी लवकर सुरू करू आणि अंधार पडल्यावर तुमच्या कंपाउंडच्या भिंतीवर लाइट सेट करून घेऊ, तेवढी भिंतीसमोरची जागा मोकळी ठेवायला वॉचमनला सांगून ठेव. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या