मृगाआधी शाळा शाकारायची आहे! ग्रामस्थ आणि चाकरमान्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

शाळेची घंटा जूनच्या मध्यावर वाजेल. पण कोकणात छपराच्या कामाची मुदत घंटेवर नाही, मृगावर ठरते. 7-8 जूनला मृग लागतो आणि त्याआधी वळवाच्या एक-दोन सरी ठरलेल्याच. म्हणजे हाताशी उरतो मे महिना. मुंबई-पुण्याची मंडळी गावात असतात तीही याच महिन्यात, म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहोत.

आपल्या जिल्हा परिषद शाळेवर मंगलोरी कौले आहेत. यंदा वानरांच्या टोळीने मागच्या पडवीवर आणि चौथीच्या वर्गावर असा धुडगूस घातला की बाकावर बसून आभाळ दिसते. फुटके कौल बदलणे तासाभराचे काम आहे. काळजी आहे ती खालच्या लाकडाची. गळून गळून रिपा कुजल्या आहेत आणि दोन वाशांना वाळवी लागली आहे. तसेच नवे कौल चढवले तर पहिल्या मोठ्या पावसात सगळेच खाली यायचे. म्हणून आधी वासे-रिपा, मग कौले. रंगरंगोटी पैसे उरले तर.

आणि पैशांच्या आधी आम्ही कौलेच मागतो आहोत. जुने घर उतरवून स्लॅब घातलेल्या बऱ्याच जणांच्या परसात जुनी कौले रचून ठेवलेली आहेत. ती शाळेला द्या. मात्र आधी कौलाच्या पाठीवरचा छाप पाहा. दोन कारखान्यांची कौले एकमेकांत नीट बसत नाहीत, फटीतून पाणी आत येतेच. शाळेच्या कौलाचा नमुना ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठेवला आहे, त्याच्याशी जुळवून घ्या. रास हलवताना हातमोजे घाला, कौलांखाली विंचू असतात.

दुसरे काम लहान दिसते, पण आमच्या यादीत ते पहिले होते. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. बैठकीत आया छपरावर बोलल्याच नाहीत, मुलींच्या शौचालयाच्या कडीवर बोलल्या. दाराला आतून कडी नाही, नळाला पाणी नाही. सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात, काहीजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शौचालय कागदावर आहे, त्यामुळे नवे मंजूर होत नाही. हवे आहे एवढेच: नवे दार, कडी, टाकीपासून पाइप आणि तुंबलेल्या शोषखड्ड्याची सफाई.

थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पंखा, घड्याळ, कपाट यांवर देणगीदाराचे नाव रंगवता येते, म्हणून अशा वस्तू शाळेला मिळत राहतात. शोषखड्ड्यावर कोणी नाव घालत नाही. यंदा वस्तू आणण्याआधी मुख्याध्यापकांकडची यादी एकदा पाहावी, ही विनंती.

बाकीची कामे अशी. पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि दोन वर्गांतल्या बटणांना झिणझिण्या येतात; परवानाधारक वायरमन गावचा असेल तर त्याचा एक दिवस आणि अर्थिंगचे सामान हवे. पाण्याची टाकी घासून टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने निर्जंतुक करायची आहे, त्यानंतर पाण्याचा नमुना तपासणीला जाईल. दारातला उतार इतका उभा आहे की मुले त्याची घसरगुंडी करतात आणि चाकाची खुर्ची चढत नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी असा तो नव्याने बांधायचा आहे. त्यासाठी जांभ्याचे चिरे लागतील.

शासन काहीच देत नाही असे नाही. तिसाच्या वर आणि शंभरापर्यंत पट असलेल्या आपल्यासारख्या शाळेला संयुक्त शाळा अनुदानाचा निकष वर्षाला 25,000 रुपयांचा आहे, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती त्यातूनच. एवढे लाकूडकाम त्यात बसत नाही. उत्तरेकडची धोकादायक खोली मात्र या कामात धरलेली नाही. तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे वापरातून काढून पाडण्याचा, प्रस्ताव पंचायत समितीकडे आहे. तिकडे मुलांना फिरकू देऊ नका.

रोख देणगी पावतीशिवाय कोणाच्याही हातात देऊ नये, आमच्याही नाही. धनादेश किंवा ऑनलाइन रक्कम समितीच्या खात्यावरच जमा करावी. खाते क्रमांक शाळेच्या फलकावर आहे. पावती मुख्याध्यापक देतील. बिलांसह हिशोब 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचला जाईल.

ज्यांना पैसे देणे जमणार नाही त्यांनी हात द्यावा. मेच्या तिसऱ्या रविवारी सकाळी सातला कौले उतरवायला सुरुवात करू, ऊन चढायच्या आत निम्मे छप्पर मोकळे व्हायला हवे. छपरावर सवयीची माणसेच चढतील, बाकीच्यांनी खाली रांग लावून कौले हातोहात द्यायची. घरी लांब शिडी असेल त्याने ती आदल्या संध्याकाळीच शाळेत आणून ठेवावी.

आपले,
शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत