कृषिमंत्री साहेब, पोफळी कुजतायत आणि पंचनाम्याला अजून कोणी आलेलं नाही

माननीय कृषिमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी श्रीवर्धनच्या किनारपट्टीवरचा साधा बागायतदार. आज सकाळी बागेत गेलो तर पोफळीखाली हिरव्या सुपाऱ्यांचा नुसता सडा पडलेला. एक उचलून बघितली, देठाजवळ पाणी मुरल्यासारखा काळपट डाग, आणि परवा पडलेल्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी. हा कोळेरोग. कोळे म्हणजे कानडीत कुजणं, नाव तिकडूनच आलंय.

पहिल्यांदा गळ दिसली तेव्हाच मी अर्ज दिला. फोनवर सांगितलं, आठ दिवसांत माणूस येईल. आज सव्विसावा दिवस आहे साहेब. पडलेली फळं गोळा करून लगेच नष्ट करायची असतात हे मला माहितीये, पण पंचनाम्याला पुरावा लागतो म्हणून मी ती तशीच ठेवली, आणि पुरावा सांभाळत बसलो तोवर रोग पलीकडच्या ओळीत गेला. माझ्या १८० झाडांपैकी निम्म्याहून जास्त झाडांना लागण आहे. दोन झाडांचा शेंडाच कुजला, ती गेली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझ्या वडिलांच्या हातची बाग एका दुपारी आडवी झाली. त्याच जागेवर नवीन रोपं लावली, पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, तेवढी वर्षं आईची औषधं आणि पोरीची फी मजुरीवर भागवली. यंदा पहिल्यांदा घोस धरले होते. ते घोस बघून आई अंगणात हात जोडून उभी राहिली होती, आता ती बागेकडे बघतच नाही.

बरं, माणूस येत नाही तर सल्ला तरी नीट द्या ना! मला फोनवर सांगितलं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारा. उसने पैसे काढून मारलं. नंतर कळलं की हा रोग फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतो, तो दिसतो बुरशीसारखा पण खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, आणि कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालतच नाही. माझे पैसे गेले ते गेले, हातातले उघडिपीचे दोन दिवस गेले ते कोण भरून देणार?

याच्यावर बोर्डो मिश्रण आहे, आणि ते काही नवीन नाही. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वीच या रोगाचा अभ्यास करून ते फवारायला लावलं होतं. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. वडील त्यात विळा बुडवून बघायचे, पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचे चुना कमी पडला, अजून घाल. पहिली फवारणी पावसाच्या आधी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. पण यंदा पाऊस मे मध्येच आला, ओल्या खोडावर चढायला पाडेली, म्हणजे झाडावर चढून फळं उतरवणारा गडी, तयार नाही, आणि मुळात पाडेली राहिलेत किती? गावातली पोरं मुंबईला गेली. त्यांना इथे शिकवायला, त्यांचा विमा काढायला कोणाला वेळ नाही, भाषणात मात्र कोकणाचा विकास दरवेळी असतो.

विम्याचं विचारलं तर सांगितलं यादीत पोफळ नाही. आंबा आहे, काजू आहे, आम्ही नाही. आमचं क्षेत्र थोडं, मतं थोडी, म्हणून आमचं कुजणं मोजायचंच नाही असं ठरलंय का? अर्ज ऑनलाइन, सर्व्हर बंद, ऑफिसात गेलं तर साहेब मीटिंगला, मीटिंग शेतकऱ्यांच्या प्रश्नावरच, आणि शेतकरी बाहेरच्या बाकावर भिजलेल्या कपड्यांनी बसून. हे फक्त शेतीचं नाही, सातबारा असो नाहीतर आईची पेन्शन, सगळीकडे हेच. हा रोग आठ-दहा दिवसांत घोस रिकामा करतो हो, तुमच्या फायलीला टेबल बदलायला तेवढे दिवस लागतात.

या आठवड्यात माणूस पाठवा. पोफळ विम्यात घ्या. मोरचूद आणि चुना मे च्या आधी गावात पोचवा, आणि पाडेली तयार करा. रोगट घोस झाडावरच वाळले की पुढच्या पावसात तिथूनच परत सुरुवात होते, आणि माझ्या बागेत ते आत्ता झाडांवरच लटकतायत, खाली उतरवायला माणूस नाही.

आपला,
एक पोफळी बागायतदार