ॲप आधी बांधावर नेऊन पाहा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सरकारी योजनांची ॲप शेतकऱ्यांना नीट वापरता येत नाहीत, तेव्हा गावोगावी प्रशिक्षण शिबिरे घ्यावीत, अशी सूचना करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात मध्यंतरी प्रसिद्ध झाले होते. सूचनेमागची तळमळ खरी आहे, पण निदान चुकले आहे असे मला वाटते. मी ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात २९ वर्षे काढली. सॉफ्टवेअरशी माझा संबंध बेताचाच. मात्र माणसाच्या हाताला, डोळ्याला आणि स्मरणशक्तीला काय झेपते, याचा हिशेब यंत्राचा आराखडा करतानाच करावा लागतो, हे विमानाच्या धंद्यात कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. तेवढ्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

आधी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. गेल्या हंगामात अवकाळी पाऊस होऊन गेल्यावर निफाड तालुक्यातल्या माझ्या चुलतभावाच्या द्राक्षबागेत गेलो होतो. नुकसानीची माहिती तो मोबाइलवर भरत होता. (कोणत्या ॲपमध्ये, ते मुद्दामच लिहीत नाही, या दोषांचा मक्ता काही त्या एकाकडे नाही.) ऊन डोक्यावर आलेले. पांढऱ्या स्क्रीनवरची फिकट करडी अक्षरे दिसावीत म्हणून त्याने खांद्यावरचा टॉवेल मोबाइलवर तंबूसारखा धरला होता. ‘मागे’ आणि ‘पुढे’ ही दोन्ही बटणे एकाच निळ्या रंगाची, एकाच मापाची, एकमेकांना खेटून. तिसऱ्या पानावर त्याचा राठ अंगठा ‘मागे’वर पडला आणि भरलेले सगळे पुसले गेले. दुसऱ्या खेपेला तो शेवटपर्यंत पोचला, तर लाल अक्षरांत ‘अवैध माहिती. पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच उमटले. कोणत्या रकान्यातली माहिती, आणि अवैध का, याचा पत्ता नाही. अर्ध्या तासाने आमच्या ध्यानात आले, की त्याने गट क्रमांक सातबाऱ्यावर छापला आहे तसाच, तिरक्या रेघेसह लिहिला होता आणि त्या रकान्याला रेघ चालत नव्हती. तोवर ओटीपीची मुदत संपली होती. मोबाइल खिशात टाकत तो म्हणाला, “जाऊ दे दादा, मलाच जमत नाही हे.”

हा गडी निर्यातीची बाग सांभाळतो. कोणत्या औषधाचा पीएचआय (फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे अंतर) किती दिवसांचा, हे त्याला तोंडपाठ असते. त्याला रेघ काढून टाकायला कोणत्या शिबिरात शिकवणार? आणि शिकवायचेच असेल, तर सातबारा कसा लिहितात हे ॲप करणाऱ्याला आधी शिकवायला नको का?

‘मलाच जमत नाही’ हे वाक्य विमानाच्या इतिहासात फार महागात पडले आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर वैमानिक फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर घेण्याऐवजी चाकेच वर घेत आणि विमान पोटावर बसे. चौकशीत ‘वैमानिकाची चूक’ अशी नोंद होई. अल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले, तेव्हा चाकांचा स्विच आणि फ्लॅपचा स्विच शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच आढळले. त्याने सुचवलेला उपाय अगदी साधा होता: एका स्विचवर रबराचे छोटे चाक बसवायचे आणि दुसऱ्यावर पाचरीसारखा तुकडा, म्हणजे न पाहताही बोटांना फरक कळावा. पुढे १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स या संशोधकांनी वैमानिकांकडून अशा चुकांचे ४६० अनुभव गोळा केले. त्यांत सर्वांत मोठा वाटा एक दांडा ओढायचा असताना भलताच ओढल्याचा निघाला. चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची असावी, असे अमेरिकेच्या प्रवासी विमानांविषयीचे नियम आजही सांगतात. माझ्या भावाच्या मोबाइलवरची ती दोन निळी बटणे पाहून मला हेच स्विच आठवले.

विमानाचे उदाहरण जुने वाटेल, म्हणून सॉफ्टवेअरचेच देतो. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा दिला आणि त्यांतले काही दगावले. प्रोग्राममध्ये दोष होताच. आधीच्या यंत्रांत असलेले यांत्रिक अटकाव काढून सारी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती, हीही मोठी चूक होती. पण पडद्यावर काय घडले ते पाहण्यासारखे आहे. टेक्सासमधल्या टायलर येथे मार्च १९८६ मध्ये ऑपरेटरने चुकून भरलेला उपचाराचा प्रकार सराईतपणे, झटपट दुरुस्त केला. प्रोग्रामला तो वेगच झेपला नाही. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असे उमटले. म्हणजे काय, याचा उलगडा होईल असे पुस्तिकेत काही नव्हते. असले संदेश तिथे नित्याचे होते आणि ‘पी’ दाबले की काम पुढे चालू होई, म्हणून ‘पी’ दाबले गेले. आत रुग्णाला दुसरा मारा बसला. खोलीतला कॅमेरा आणि ध्वनियंत्रणा त्या दिवशी चालू नव्हती. त्या ऑपरेटरला प्रशिक्षण कमी पडले असे कोण म्हणेल? उलट हात बसलेला होता, म्हणूनच तो दोष उघड झाला. ‘अवैध माहिती’ आणि ‘मालफंक्शन ५४’ यांच्या परिणामांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण दोन्ही संदेश लिहिणाऱ्याने समोरच्या माणसाचा विचार सारखाच, म्हणजे मुळीच केलेला नाही.

हे असे का होते, ते पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या माझ्या भाचीने सांगितले. निविदेच्या कागदावरून थेट स्क्रीन तयार होतात. बटण दाबले की काम होते का, हे टेस्टर तपासतो. ते बटण माणसाला सापडते का, हे तपासण्याचे काम कुणाच्याच वाट्याला आलेले नसते. यूएक्सवाल्याला, म्हणजे ॲप वापरायला सोपे व्हावे हे पाहणाऱ्याला, बोलावतात ते शेवटच्या आठवड्यात. “मामा, तेव्हा फक्त रंग बदलता येतो,” ती म्हणाली. पानांचा क्रम, रकान्यांचे नियम, चूक झाल्यावर परतीची वाट या गोष्टी डेटाबेसपर्यंत पक्क्या झालेल्या असतात; भिंती उभ्या राहिल्यावर दरवाजा कुठे हवा हे विचारण्यातला प्रकार.

वास्तविक, यासाठी नवे काही शोधायचे नाही. माणूस केंद्रस्थानी ठेवून आराखडा कसा करावा, याचे आंतरराष्ट्रीय मानक १९९९ पासून आहे. २०१० पासून ते आयएसओ ९२४१ या मालिकेत २१० व्या भागात आहे. वापर कुठे, कोण, कशासाठी करणार हे आधी समजून घ्या, त्यावरून गरजा लिहा, आराखडा करा, खऱ्या वापरणाऱ्यांकडून तपासून घ्या आणि पुन्हा मागे या, एवढेच त्याचे सार. आपल्या केंद्र सरकारची संकेतस्थळांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ ची आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. सर्वोच्च न्यायालयाने तर ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. कागद पुरेसे आहेत. कामाच्या वेळापत्रकात मात्र त्यांना जागा नाही.

ती जागा करायची, तर पहिली ओळ लिहिण्याआधी दोन माणसे आठवडाभर बागेत, बाजार समितीत, सेवा केंद्राच्या रांगेत बसली पाहिजेत. स्क्रीन आधी कागदावर काढून पाच-सहा जणांपुढे ठेवल्या, तर त्यांचा अंगठा कुठे अडखळतो ते दिसते, आणि कागदावरची रेघ खोडरबराने पुसता येते. दर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या टप्प्यात, ही फेरी परत व्हावी. स्वीकृतीच्या अटींत ‘ॲप मराठीत असावे’ एवढ्यावर न थांबता, ‘साध्या मोबाइलवर, उन्हात, कुणाच्या मदतीशिवाय दहांपैकी नऊ शेतकऱ्यांनी पंधरा मिनिटांत अर्ज पूर्ण केला पाहिजे’ असे मोजता येणारे वाक्य यावे, आणि ते पूर्ण होईपर्यंत शेवटचा हप्ता अडवून ठेवण्याचा अधिकार कुणाला तरी असावा. हेल्पलाइनवर येणाऱ्या तक्रारी फायलीत न जाता प्रोग्रामरच्या टेबलावर जाव्यात, ही माझी आणखी एक सूचना.

खर्च वाढेल, ही हरकत मला ठाऊक आहे. आज तो खर्च वाचत नाही. तो सेवा केंद्रावर एकेका अर्जामागे शेतकरी भरतो, शिवाय त्याची रोजंदारी बुडते. माझ्या भावानेही शेवटी तेच केले.

याउलट, पंचवटीत भाजी घेताना काय दिसते ते पाहा. यूपीआय येऊन २०१६ पासून एवढी वर्षे झाली. भाजीवाल्या मावशींना त्याचे शिबिर कुणी घेतले नाही. हात मेथीच्या जुडीत, लक्ष गिऱ्हाइकाकडे, मोबाइल बघायला फुरसत नाही. तिथे एक डबा मराठीत रक्कम बोलून दाखवतो आणि व्यवहार संपतो. मावशींची दुपार कशी जाते, हे ज्याने पाहिले त्यालाच असा डबा सुचणार.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण २०२७ चा सिंहस्थ. वाहनतळ, हरवलेली माणसे, घाटावरची गर्दी अशा कामांसाठी ॲप आणि माहितीफलक या काळात तयार होतील. भाविक बाहेरगावचे, अनेक वयस्कर, हात ओले, रेंज मिळेल न मिळेल, आणि ‘हरवलो आहे’ हे बटण शोधणारा माणूस आधीच घाबरलेला. वातानुकूलित खोलीतल्या सादरीकरणात यातले काहीच दिसणार नाही. संबंधितांना माझी विनंती आहे, की कोणतेही ॲप स्वीकारण्याआधी ते गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात आणावे आणि दहा अनोळखी माणसांच्या हाती द्यावे. कारखान्यातले आम्ही तिघे-चौघे निवृत्त सहकारी घड्याळ आणि वही घेऊन तिथे बसायला तयार आहोत. मानधन नको, फक्त ज्याने स्क्रीन तयार केली, तो मुलगा किंवा मुलगी त्या दिवशी आमच्या शेजारी बसलेली असावी, आणि वापरणारा अडला तरी त्यांनी मध्ये बोलू नये.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त तपासणी कर्मचारी,
इंदिरानगर, नाशिक