केप फिअर खोऱ्यातल्या स्कॉटिश कुटुंबांचा माग: वाचक, छायाचित्रकार आणि देणगीदार हवेत

नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीच्या खोऱ्यात १७३९ साली स्कॉटलंडच्या आर्गाइल भागातून सुमारे ३५० माणसे येऊन वसली. पुढे १७७५ पर्यंत हायलंड्समधून, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून, कुटुंबेच्या कुटुंबे येत राहिली. त्यांचे वंशज आमच्या स्थानिक इतिहास मंडळाला एकच गोष्ट विचारतात: आमचा मूळ पुरुष कोणत्या गावचा? उत्तर देणारे कागद रॅली (नॉर्थ कॅरोलायनाची राजधानी), एडिनबरा आणि लंडन या शहरांत विखुरले आहेत. तिन्हीकडे मराठी माणसे राहतात, म्हणून हे आवाहन मराठीत.

बहुतेक शोध फसतात ते घाईने समुद्र ओलांडल्यामुळे. स्कॉटलंडच्या चर्चच्या वहीत हव्या त्या नावाचा आणि जुळत्या वयाचा जॉन कॅम्पबेल सापडला की लोक तो वंशवृक्षाला जोडून मोकळे होतात. पण हायलंड्समधल्या कितीतरी पॅरिशांच्या (एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या) वह्या सुरूच झाल्या त्या ही माणसे निघून गेल्यावर. प्रवाशांच्या याद्या म्हणाल, तर अमेरिकेत त्या १८२० पासून नियमित ठेवल्या गेल्या. त्याआधीचा मोठा अपवाद म्हणजे १७७३ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने जकात अधिकाऱ्यांना करायला लावलेल्या नोंदी. त्यांत नाव, वय, धंदा, गाव आणि देश सोडण्याचे कारणही येते. जमिनीचा खंड वाढला, हे त्यांतले नेहमीचे कारण. स्कॉटलंडचा हा गठ्ठा लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘टी ४७/१२’ या क्रमांकाने आहे. दुर्दैवाने तो अपुरा आहे.

म्हणून आम्ही सुरुवात जमिनीच्या कागदांपासून करतो. तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत जमीन मिळायची ती अर्ज, वॉरंट (मोजणीचा हुकूम), मोजणी आणि सनद अशा टप्प्यांनी. सूची सहसा सनदेवरून होते आणि सनदेत नाव फक्त मालकाचे. खरा ऐवज मोजणी नकाशात असतो: तळाशी, जमीन मोजताना साखळी धरणाऱ्यांची, बहुधा दोन, नावे. ही माणसे अनेकदा भाऊ, मेहुणे किंवा स्कॉटलंडमधल्या त्याच गावचे शेजारी निघतात. मूळ पुरुषाचा गाव कळत नसला तरी शेजाऱ्याचा कळतो, आणि तिथून वाट फुटते. ही नावे आम्हाला उतरवून घ्यायची आहेत.

या कामाला जुने हस्ताक्षर वाचणारे वाचक हवेत. मोडी वाचणाऱ्यांचे विशेष स्वागत. अक्षराला अक्षर ताडून पाहण्याची चिकाटी इथेही लागते. प्रत्येक पान दोघे स्वतंत्रपणे वाचतील, तफावत तिसरा सोडवेल. जसे दिसेल तसेच उतरवा. डॅनियलचा डोनाल्ड करू नका. हायलंड्सच्या गेलिक भाषेतल्या नावांची इंग्रजी रूपे इथे अशीच बदलली आहेत आणि एकच बाई एका कागदात एफी, दुसऱ्यात युफेमिया असते. स्कॉटलंडच्या नोंदींत लग्नानंतरही बायकांचे माहेरचे आडनाव टिकते, ते गाळू नका. अंतर साखळीत आहे की पोलमध्ये, हे आधी पाहा. साखळी ६६ फुटांची, पोल तिचा चौथा हिस्सा. गल्लत झाली तर क्षेत्र सोळापट चुकते. १७५२ पूर्वी वसाहतीत वर्ष २५ मार्चला बदले, स्कॉटलंडमध्ये मात्र १६०० पासूनच १ जानेवारीला. त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या जुन्या तारखांपुढे खूण करा, वर्ष बदलू नका. काउंटीचे (जिल्ह्याचे) नावही तसेच ठेवा: १७५४ मध्ये ब्लेडनमधून कंबरलँड निघाली, १७८४ मध्ये कंबरलँडमधून मूर. घर जागचे हलले नाही तरी पत्ता बदलला.

मृत्युपत्रांत गुलाम केलेल्या माणसांची नावे मालमत्तेच्या यादीत येतात. तीही तितक्याच काळजीने उतरवायची. त्यांच्या वंशजांपैकी अनेकांची आडनावे आज ‘मॅक’ने सुरू होतात आणि १८७० च्या जनगणनेमागे जायला त्यांच्याकडे अशा कागदांखेरीज फारसे काही नाही.

लंडनकरांकडून क्यूच्या अभिलेखागारातल्या ‘एओ १२’ आणि ‘एओ १३’ या गठ्ठ्यांची छायाचित्रे हवी आहेत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या, २७ फेब्रुवारी १७७६ च्या मूर्स क्रीक पुलाच्या लढाईत इथले हायलंडर राजाच्या बाजूने लढून हरले. पुढे जमिनी गमावलेल्या राजनिष्ठांचे भरपाईचे दावे या गठ्ठ्यांत आहेत. अभिलेखागाराचे वाचकपत्र काढावे लागते. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत; फ्लॅश चालत नाही.

रॅली-केरीकरांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत जुन्या दफनभूमींवर यावे. तेव्हा झुडपे विरळ आणि ऊन तिरपे असते. पुसट अक्षरांवर आरशाने बाजूने उजेड पाडायचा. खडू, ब्लीच, तारेचा ब्रश आणि शेव्हिंग क्रीम घरीच ठेवा. फोटोसाठी दगड घासायची गरज नसते.

देणगीतून मुख्यतः स्कॉटलंडच्या नोंदींच्या प्रतिमा घेतल्या जातील. जुन्या पॅरिश वहीच्या एका प्रतिमेला ६ क्रेडिट (संकेतस्थळावर आगाऊ विकत घ्यायची एकके), म्हणजे दीड पौंड पडतो. १५ पौंडांत १० प्रतिमा येतात. डीएनए चाचण्यांसाठी मात्र कृपया पैसे देऊ नका. सात-आठ पिढ्यांनंतर नेहमीच्या चाचणीत एका पूर्वजाचा वाटा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी उरतो, शेजारच्या घराण्यांत आपापसांत लग्ने झालेली आहेत आणि कुळांनी प्रमुखाचे आडनाव घेण्याची रीत होती. कागदाची जोड नसताना असे निकाल दिशाभूलच करतात.

मदत करू इच्छिणाऱ्यांनी आपले शहर, आठवड्याला देता येईल तेवढा वेळ आणि जुने हस्ताक्षर वाचण्याचा सराव किती, हे मंडळाच्या चिटणिसांना कळवावे. देणगी विशिष्ट घराण्याच्या नावे राखून ठेवता येणार नाही. ती सामाईक खात्यातच जमा होईल.