जुन्या कॅसेटी संगणकात उतरवण्याविषयी मित्रास पत्र

॥ श्री ॥

दांडिया बाजार, बडोदे
श्रावण शुद्ध पंचमी

प्रिय मित्र नाना यास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र पोहोचले आणि वहिनींचा गुडघा आता पुष्कळ बरा आहे हे वाचून समाधान वाटले. माळ्यावरच्या पेटीत सापडलेल्या व्हिडिओ कॅसेटी संगणकात उतरवून घेण्याचे तू मनावर घेतले आहेस आणि त्यासाठी कोणते यूएसबी कॅप्चर उपकरण, म्हणजे व्हीसीआरमधून येणारे चित्र संगणकात घेणारे उपकरण, घ्यावे, असे विचारले आहेस. गेले बरेच महिने मी आमच्या घरातल्या आणि नात्यातल्या कॅसेटींच्या मागे लागलेलो असल्यामुळे या विषयावर लिहायला मला निमित्तच हवे होते. तेव्हा पत्र लांबले तर समजून घे. उपकरणाची गोष्ट मात्र मी इतक्यात काढणार नाही, कारण तो प्रश्न माझ्या मते सर्वांत शेवटी विचारण्याचा आहे. चित्र चांगले उतरणार की वाईट, याचा निकाल बहुतेक वेळा तार संगणकाला लागण्यापूर्वीच, म्हणजे कॅसेट ज्या व्हीसीआरमध्ये फिरते तिथेच, लागलेला असतो.

याचे कारण त्या यंत्राच्या रचनेत आहे. व्हीएचएसची, म्हणजे घरोघरी असलेल्या नेहमीच्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटीची, फीत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंदीची असते आणि नेहमीच्या वेगात ती सेकंदाला अडीच सेंटिमीटरहूनही कमी सरकते. एवढ्या संथ फितीवर चित्र मावावे म्हणून तिरका बसवलेला एक ड्रम, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत, मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्यावरची इवलीशी हेडे फितीवरच्या तिरप्या रेघा एकामागून एक वाचत जातात. एक रेघ म्हणजे अर्धे चित्र, आणि अशी अर्धी चित्रे सेकंदाला ५०. पंचवीस-तीस वर्षांत फीत कुठेकुठे ताणली जाते, व्हीसीआरमधले रबरी पट्टे सैल पडतात, फीत ओढणाऱ्या चाकाचे रबर कडक होते, आणि मग चित्राच्या ओळी ठरल्या क्षणी न येता किंचित मागेपुढे येऊ लागतात. काचेच्या नळीचा जुना टीव्ही या मागेपुढे होण्याशी जुळवून घेत असे, त्यामुळे ते आपल्याला कधी फारसे जाणवले नाही. यूएसबीचे उपकरण मात्र इतके सोशिक नसते: ओळ वेळेवर आली नाही तर ते चित्र वाकडे पकडते, फारच विस्कटली तर ती चौकट गाळूनच टाकते, आणि चौकटी गळत गेल्या की आवाज आणि ओठ यांचा मेळ राहत नाही. लोक उपकरणाला नावे ठेवून दुसरे विकत आणतात, पण दोष व्हीसीआरमध्ये जिथल्या तिथे राहतो.

म्हणून पैसे खर्चायचेच असतील तर आधी व्हीसीआरवर खर्च कर. नवा मिळणार नाही. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले, आणि त्यानंतर जगात जेवढी यंत्रे चालू आहेत तेवढीच काय ती आपल्या वाट्याची. माझे यंत्र लग्नाच्या शूटिंगचा धंदा आवरता घेणाऱ्या एका स्टुडिओवाल्याकडून मिळाले. ते एस-व्हीएचएस जातीचे आहे, म्हणजे त्याला पिवळ्या पिनेखेरीज एस-व्हिडिओची गोल जोडणीही आहे. पिवळ्या पिनेतून प्रकाश आणि रंग एकत्र मिसळून येतात आणि पुढे उपकरणाला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. त्या खटाटोपात जरीच्या काठांवर नसलेले इंद्रधनुष्य उमटते. फितीवर हे दोन्ही मुळातच वेगवेगळे नोंदलेले असल्यामुळे एस-व्हिडिओने ते वेगळेच आणावेत, हे उत्तम. रावपुऱ्यात एक वयस्कर कारागीर अजून अशी यंत्रे उघडतात. त्यांनी पट्टे बदलले, जुने सुकलेले ग्रीस काढले आणि हेडे साफ कशी करायची ते माझ्या हाताने करून घेतले: कापसाची काडी कधीही वापरायची नाही, कारण तिचा तंतू हेडात अडकला तर हेडच तुटते, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले शॅमॉयचे (मऊ चामड्याचे) कापड ड्रमला हलकेच टेकवून धरायचे आणि ड्रम हाताने आडवा फिरवायचा, कापड वर-खाली मुळीच घासायचे नाही.

ओळींची वेळ सुधारणारे टाइम बेस करेक्टर नावाचे स्वतंत्र यंत्रही असते, परंतु ते दुर्मीळ आणि महाग आहे. त्याऐवजी एक स्वस्त उपाय पुष्कळ ठिकाणी लागू पडतो. लाइन-इन आणि लाइन-आउट दोन्ही असलेला जुना डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि यूएसबी उपकरण यांच्यामध्ये जोडायचा. त्यात रेकॉर्ड काहीच करायचे नाही, चित्र नुसते त्यातून जाऊ द्यायचे. काही मॉडेले आत येणारे चित्र स्वतःच्या घड्याळाप्रमाणे नव्याने मांडून बाहेर सोडतात आणि वरच्या कडेला झुकणारे चित्र एकदम सरळ उभे राहते. सगळीच मॉडेले हे करत नाहीत, त्यामुळे कोणाकडे अडगळीत पडलेला असेल तर आधी मागून आणून पाहा, विकत घेऊ नकोस.

आता तुझ्या मूळ प्रश्नाविषयी. उपकरण कोणतेही घे, पण ते एस-व्हिडिओ घेणारे असावे, पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ ही पूर्ण चौकट देणारे असावे आणि सोबतच्या सॉफ्टवेअरशिवाय इतर सॉफ्टवेअरमध्येही चालणारे असावे. सोबत येणारे सॉफ्टवेअर बहुधा पकडतानाच चित्र दाबून लहान करते आणि काही वेळा अर्ध्या ओळी टाकूनही देते. मी व्हर्च्युअलडब वापरतो. उपकरण यूएसबी हबमधून न जोडता सरळ संगणकाला जोड, आणि प्रकाशाची पातळी प्रत्येक कॅसेटीला वेगळी लाव. आपल्याकडच्या लग्नांत कॅमेरावाल्यामागे हॅलोजनचा दिवा घेतलेला पोऱ्या उभा असे, तो तुला आठवत असेलच. त्या दिव्याच्या कृपेने नवरीच्या कपाळावरचे मोती आणि भटजींचे उपरणे मुळातच पांढरे फटक पडलेले असते, आणि उपकरणाने त्यात भर घातली की तिथला तपशील कायमचा जातो. पातळी थोडी खाली ठेवलेली केव्हाही बरी, नंतर वाढवता येते. घरगुती कॅसेट चालू असताना मध्येच 'हे चित्रण संरक्षित आहे' असे सांगून उपकरण थांबले तरी घाबरू नकोस. विकतच्या चित्रपटांच्या कॅसेटींत नक्कल रोखण्यासाठी घातलेला संकेत ते शोधत असते, आणि खराब फितीतला खडखडाट त्याला तसाच भासतो. चित्र स्थिर झाले की ही तक्रार बहुतेक वेळा मिटते.

कॅसेटींची तपासणी मात्र पावसाळ्यात जास्त काळजीने करावी लागते. इथल्या दमट हवेत कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिलेल्या कॅसेटींच्या खिडकीतून पांढरे तंतू दिसू लागतात. ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातलीस तर बुरशी हेडांवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटीवर जाईल, म्हणून ती वेगळी काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात कोरडी होऊ दे आणि नाकावर फडके बांधल्याशिवाय उघडू नकोस. कॅसेटीच्या कण्यावरचा प्लॅस्टिकचा लहान तुकडा अजून शाबूत असेल तर तो आधी मोडून टाक, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी तीवर काही रेकॉर्ड होणार नाही. बुरशी नसलेली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घे, कारण वर्षानुवर्षे एकाच जागी दाबली गेलेली फीत त्याने मोकळी होते.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून ठेव. एकाच कार्यक्रमाच्या दोन-तीन प्रती नात्यात फिरत असतात आणि कॅसेटीवरून कॅसेटीवर केलेल्या प्रत्येक नकलेत चित्र मऊ आणि रंग फिके होत जातात. आमच्याकडच्या एका लग्नाची प्रत इतकी धूसर होती की मी तिची आशा सोडली होती. सुरतेला आत्याकडे असलेली प्रत मागवली तेव्हा पंगतीतल्या पाटांभोवतीची रांगोळीसुद्धा दिसली. माझे म्हणणे असे की, उपकरणांच्या किमती पाहत बसण्याआधी नातेवाइकांना फोन करावेत.

धाकट्या भावाच्या मुंजीची कॅसेट तुला सविस्तर सांगितलीच पाहिजे. मस्कतहून आलेल्या मामांनी ती स्वतःच्या कॅमेऱ्यावर घेतली होती आणि नंतर कोणीतरी हौसेने इथल्या स्टुडिओत देऊन तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रपटातली गाणी भरून घेतली होती. मातृभोजन चालू आहे, आजोबा काहीतरी सांगत आहेत, बायका हसत आहेत आणि वर प्रेमगीत वाजते आहे, असे ते आम्ही इतकी वर्षे पाहत आलो. व्हीएचएसवर आवाज दोन ठिकाणी राहू शकतो. एक साधा पट्टा फितीच्या कडेला असतो. दुसरा, हाय-फाय, ड्रमवरची हेडे चित्राच्या रेघांच्या खालीच नोंदवतात. आवाज नंतर बदलता येतो तो फक्त कडेच्या पट्ट्यावरचा, कारण हाय-फाय बदलायचा तर चित्रही पुसावे लागते. मामांचा कॅमेरा हाय-फाय होता, घरातला जुना व्हीसीआर मात्र साधा, त्यामुळे आम्हाला गाणीच ऐकू येत. स्टुडिओवाल्याकडून घेतलेल्या माझ्या यंत्रावर आवाजाचे बटण 'नॉर्मल'वरून 'हाय-फाय'वर नेले आणि गाणी गेली. भटजींचे मंत्र आले, मागे स्टोव्हचा आवाज आला, आणि आजोबा आईला सांगत होते ते ऐकू आले: श्रीखंड पुरणार नाही, खंडेराव मार्केटातून अजून चक्का मागवा. आईने ते आतापर्यंत कितीतरी वेळा लावायला सांगितले आहे. अर्थात, चित्रण हाय-फायवर झालेले असेल तरच हे शक्य आहे, आणि स्टुडिओने गाणी भरून दिलेली प्रत म्हणजे मूळ कॅसेटीची नक्कल असेल तर बहुधा काही हाती लागणार नाही. तरीही बटण फिरवून पाहायला काय हरकत आहे?

१९९२ च्या गणेश विसर्जनाची कॅसेट चित्रासाठी मोलाची ठरली. मिरवणूक सूरसागरावर येते, आणि तलावाच्या मध्यभागी मोकळे पाणी आहे. शंकराची प्रचंड उभी मूर्ती तेव्हा उभी राहिलेली नव्हती. संगीत महाविद्यालयाच्या बाजूला लेझीमचे पथक आहे आणि त्यात, माझी नजर दगा देत नसेल तर, दुसऱ्या रांगेत तू आहेस. ही कॅसेट पाहताना अर्ध्या चित्रांचा प्रश्न नीट समजतो. सम आणि विषम ओळींची दोन अर्धी चित्रे वेगवेगळ्या क्षणांची असतात. ती एकत्र दाखवली की हलत्या लेझमींच्या कडांना फणीचे दाते फुटतात. सोपा उपाय म्हणून लोक एक अर्धे चित्र टाकून देतात आणि सेकंदाला २५ चौकटी ठेवतात, पण त्याने लेझीमचा ताल डोळ्यांना तुटक दिसतो. मूळ फाइल आहे तशीच, ओळी न जोडता ठेवावी, आणि पाहण्याच्या प्रतीत प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण चौकट करून सेकंदाला ५० चौकटी ठेवाव्यात. मग हालचाल तेव्हा टीव्हीवर दिसे तशी सलग दिसते. चौकटीचा आकार चारास तीनच राहू दे. रुंद टीव्ही भरावा म्हणून चित्र ताणणाऱ्यांनी माझ्या सडपातळ काकांना विनाकारण लठ्ठ केले आहे.

जागेचा हिशेब सांगतो. काहीही न दाबता एक तासाचे चित्र सुमारे ७५ जीबी होते. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ यांसारख्या कोणताही तपशील न गमावणाऱ्या पद्धतीने ते साधारण निम्म्यावर येते. ती मूळ प्रत दोन वेगळ्या हार्ड डिस्कांवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेव. नातेवाइकांना पाठवायला तिच्यावरून तासाला तीन-चार जीबीची प्रत पुरते. कृत्रिम बुद्धीने चित्र 'फोरके' करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नकोस. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेला जेमतेम २४० रेषांचा तपशील असतो, आणि जे फितीवर नाही ते सॉफ्टवेअर स्वतःच्या कल्पनेने रचते. एका परिचितांनी तसे करून घेतलेले मी पाहिले: त्यांच्या आजींचा चेहरा गुळगुळीत, देखणा आणि कोणा परक्या बाईचा झाला होता.

एवढे सगळे लिहून झाल्यावर आता लक्षात येते की तुझ्या पेटीतल्या कॅसेटी कोणत्या, हे तू कुठेच लिहिलेले नाहीस. कॅसेट तळहाताएवढी असेल तर ती नेहमीची व्हीएचएस नव्हे. तीवर 'व्हिडिओ ८' किंवा 'हाय ८' असे लिहिले असेल तर तिचाच कॅमेरा शोधावा लागेल, आणि काही डिजिटल ८ कॅमेरे या जुन्या कॅसेटीही चालवतात. 'मिनी डीव्ही' असेल तर यूएसबीचे कॅप्चर उपकरण घेऊच नकोस, कारण तिच्यावर चित्र आकड्यांतच साठवलेले असते आणि फायरवायरच्या केबलने ते जसेच्या तसे संगणकात येते. तेव्हा एक-दोन कॅसेटींवरची अक्षरे पाहून मला कळव, आणि तोवर काहीही विकत घेऊ नकोस. व्हीएचएस असतील तर टपालाने न पाठवता गणपतीला येताना सोबतच घेऊन ये. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तास लागतातच, तेव्हा मुक्काम दोन-चार दिवस वाढवूनच ये.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. आईने तुला विचारले आहे.

तुझा,
भाऊ